तीन मीटर तारेचे आकाशवाणी केंद्र

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

आमच्या घरी रेडिओ आला तो १९५९ साली. वडील, म्हणजे अण्णा, तेव्हा वाईला शाळामास्तर होते. लाकडी पेटीचा, पाच व्हॉल्व्हचा, समोर तपकिरी कापड ताणलेला आणि उजव्या कोपऱ्यात हिरवा डोळा असलेला तो रेडिओ माजघरात उंच फळीवर बसवला गेला. आईने त्याला भरतकाम केलेला पडदा शिवला. खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तांब्याच्या जाळीची एरियल ताणली गेली. त्या काळी रेडिओलाही परवाना लागत असे. पोस्टात जाऊन दरवर्षी पैसे भरायचे आणि पुस्तिकेवर शिक्का मारून आणायचा. ती पद्धत ऐंशीच्या दशकात बंद झाली. अण्णांची पुस्तिका मात्र अजून माझ्याकडे आहे.

डायलच्या काचेवर आकडे मीटरमध्ये होते. त्यात पुणे केंद्र शोधायला वेळ लागू नये म्हणून अण्णांनी ३७५ च्या आकड्याच्या किंचित पुढे ऑइल पेंटचा एक लाल ठिपका दिला होता. पुणे केंद्र ७९२ किलोहर्ट्झवर. तीन लाखांना ७९२ ने भागले की जवळजवळ ३७९ येतात, ती त्या लहरीची मीटरमधली लांबी. हा हिशेब मला पुढे कॉलेजात कळला. लहानपणी लाल ठिपका म्हणजे पुणे, एवढेच ठाऊक होते.

मी १९८४ साली नोकरीसाठी अमेरिकेत गेलो आणि तिथेच राहिलो. २०१६ मध्ये आई गेली आणि पंच्याऐंशी वर्षांचे अण्णा न्यू जर्सीत एडिसनला आमच्याकडे आले. कपड्यांची एक बॅग आणि गोधडीत गुंडाळलेला रेडिओ, एवढेच त्यांचे सामान होते.

एडिसन हे गाव थॉमस एडिसनच्या नावाचे. त्याची मेन्लो पार्कची प्रयोगशाळा याच हद्दीत होती. दिव्याच्या तापलेल्या तारेपासून दिव्यातच ठेवलेल्या धातूच्या दुसऱ्या तुकड्याकडे रिकाम्या जागेतून वीज वाहते, हे तिथे १८८० च्या सुमारास दिसले. एडिसनने त्याचे फारसे काही केले नाही. पण त्याच गोष्टीवरून इंग्लंडात फ्लेमिंगने १९०४ मध्ये पहिला रेडिओ व्हॉल्व्ह बनवला. म्हणजे आमचा रेडिओ एका अर्थी माहेरीच आला होता! अण्णांना ही कल्पना आवडली. ‘‘मग माहेरी आल्यावर बोलत का नाही?’’ एवढेच त्यांनी विचारले.

बोलत नव्हता, कारण तिथे विजेचा दाब १२० व्होल्ट आणि रेडिओ २३० व्होल्टचा. दाब वाढवणारा ट्रान्सफॉर्मर आणला, पण रेडिओ लगेच लावला नाही. वर्षानुवर्षे बंद असलेला व्हॉल्व्हचा रेडिओ एकदम पूर्ण दाबावर लावणे म्हणजे आजारी माणसाला उठवून पर्वती चढायला लावण्यासारखे आहे. आतले कागदी आणि इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर सुकलेले असतात. ते शॉर्ट झाले तर मेन ट्रान्सफॉर्मर जळतो आणि तो पुन्हा मिळत नाही. आपल्याकडचे जुने रेडिओ दुरुस्तीवाले सिरीजमध्ये जुन्या पद्धतीचा, तारेचा दिवा लावून बघत, तेच मी केले. दिवा भगभगीत पेटला तर आत शॉर्ट आहे, मंद राहिला तर पुढे जायला हरकत नाही. तो भगभगीत पेटला. चार कंडेन्सर बदलले. मग व्हॉल्व्ह हळूहळू लालसर झाले, हिरवा डोळा उघडला आणि खोलीत खरखर भरली.

खरी अडचण इथून पुढे सुरू झाली. एडिसनमध्ये मिडियम वेव्हवर काय लागणार? बातम्या, खेळ, धर्मोपदेश, सगळे इंग्रजी. त्यातही घरातले एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर आणि संगणकाचे अडॅप्टर यांचा एवढा गोंगाट, की दूरचे काही ऐकूच येत नव्हते. ही उपकरणे वीज सेकंदाला हजारो वेळा तोडून-जोडून काम करतात आणि त्यातून निघणारा कचरा नेमका मिडियम वेव्हमध्ये पसरतो. मी अण्णांना मोबाइलवर आकाशवाणीचे ॲप लावून दिले. पुणे केंद्र अगदी स्वच्छ लागले. अण्णांनी दोन दिवस ऐकले आणि फोन परत दिला. ‘‘ह्याला पिळायला कान नाहीत,’’ म्हणाले.

मी हसलो. पण पुढच्या आठवड्यात पहाटे पाणी प्यायला उठलो, तर अण्णा अंधारात रेडिओसमोर बसलेले. काटा लाल ठिपक्यावर, आवाज बारीक आणि नुसती खरखर. ते ती ऐकत होते. मी काही न बोलता परत खोलीत गेलो. मी चाळीस वर्षे इलेक्ट्रॉनिक्समध्ये काढली होती, आणि माझ्या वडिलांच्या रेडिओत मला एक केंद्र लावून देता येत नव्हते.

उपाय तसा जुनाच आहे. ज्या देशांत मिडियम वेव्ह केंद्रे बंद झाली, तिथले जुन्या रेडिओंचे शौकीन घरातच छोटा ट्रान्समीटर लावतात आणि त्यावरून आपल्या संग्रहातले रेडिओ बोलते ठेवतात. जर्मनीत सार्वजनिक नभोवाणीची मिडियम वेव्ह केंद्रे २०१५ च्या अखेरीपर्यंत बंद झाली. नेदरलँड्समध्ये मोठी केंद्रे गेल्यावर हौशी लोकांना थोड्या वॉटचे परवाने मिळू लागले. इंग्लंडात अशा घरगुती यंत्राला गमतीने ‘कोठीघरातला ट्रान्समीटर’ म्हणतात. अमेरिकेत त्यासाठी परवाना लागत नाही, पण मर्यादा कडक आहेत. तिथल्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनच्या नियमावलीचा पंधरावा भाग सांगतो, की मिडियम वेव्हवर शेवटच्या टप्प्याला दिलेली वीज १०० मिलिवॉटपेक्षा जास्त नको आणि एरियल, तिच्यापर्यंतची तार आणि अर्थची तार मिळून लांबी तीन मीटरपेक्षा जास्त नको. कोणाच्या ऐकण्यात अडथळा आणायचा नाही, आणि आपल्याला आलेला अडथळा मुकाट सोसायचा. स्वतःसाठी बनवलेल्या, विक्रीस न काढलेल्या पाचपर्यंत यंत्रांना तपासणीचा दाखलाही लागत नाही.

भारतात मात्र तसे नाही, हे इथेच सांगितलेले बरे. आपल्याकडे १८८५ चा तारायंत्र कायदा, १९३३ चा बिनतारी यंत्रांचा कायदा आणि आता त्यांच्या जागी आलेला २०२३ चा दूरसंचार कायदा यांचा अर्थ एवढाच, की परवानगीशिवाय प्रक्षेपण करायचे नाही. बिहारमध्ये वैशाली जिल्ह्यातल्या मन्सूरपूरला राघव महतो या तरुण रेडिओ दुरुस्तीवाल्याने स्वतः जुळवलेल्या यंत्रावर एफएम केंद्र चालवले होते. गावकरी ते आवडीने ऐकत. २००६ मध्ये परवाना नसल्याने ते बंद झाले. तेव्हा मी पुढे जे सांगणार आहे, ते समजून घेण्यासाठी ऐका. करून बघण्यासारखी गोष्टही सांगतो, पण ती शेवटी.

आवाज लहरीवर बसतो कसा, ते आधी पाहू. बाजाच्या पेटीची एकच पट्टी दाबून धरा. सूर एकच लागेल. आता भाता कमीजास्त दाबा. सूर तोच राहील, पण तो लहानमोठा होईल. ट्रान्समीटर हेच करतो. त्याची पट्टी सेकंदाला ७ लाख ९२ हजार आंदोलनांची, आणि भाता हलवणारा हात म्हणजे निवेदकाचा आवाज. मिडियम वेव्हच्या रेडिओला सुराशी कर्तव्य नसते. भाता कसा हलला, तेवढेच तो वाचतो आणि कर्ण्यातून ऐकवतो. एफएममध्ये उलट असते. तिथे भाता स्थिर आणि सूरच किंचित वरखाली होतो.

भात्याला एक मर्यादा आहे. आवाज कमी करत करत शून्यापर्यंत नेता येतो, शून्याच्या खाली नाही. निवेदकाचा आवाज त्याहून जास्त खेचू लागला, की लहर मधेच तुटते आणि रेडिओवर आवाज फाटतो. घरगुती ट्रान्समीटरवर गाणे फाटलेले ऐकू आले, तर दहातल्या नऊ वेळा कारण हेच असते. लोक उगाच रेडिओला दोष देतात.

माझा पहिला प्रयत्न एका संध्याकाळचा होता. जुन्या संगणकात १ मेगाहर्ट्झची धातूची एक डबी असते, स्फटिकाने चालणारी. तिला बॅटरीकडून जाणारी वीज एका छोट्या ऑडिओ ट्रान्सफॉर्मरमधून नेली आणि ट्रान्सफॉर्मरच्या दुसऱ्या बाजूला मोबाइल जोडला. गाण्याप्रमाणे विजेचा दाब हलतो, दाबाप्रमाणे लहर हलते. रेडिओवर १००० च्या आकड्यावर आवाज आला! आला, पण घशात खडे अडकल्यासारखा. ती डबी संगणकासाठी बनवलेली, दाब फार उतरला की ती कामच सोडते. शिवाय रात्र झाली तशी मागे एक घुमणारी गुरगुर सुरू झाली. शिकागोचे ५० किलोवॉटचे केंद्रही १००० किलोहर्ट्झवरच आहे. दिवसा ते आमच्यापर्यंत पोचत नाही, रात्री पोचते. माझा स्फटिक त्याच्यापासून शेपन्नास आंदोलने इकडेतिकडे होता आणि दोन लहरींमधला तो फरक कानाला गुरगुर म्हणून ऐकू येत होता.

अण्णांनी सगळे ऐकून घेतले. मग काट्याकडे बोट दाखवून म्हणाले, ‘‘पण हे पुणे नाही.’’

म्हणजे लाल ठिपक्यावरच हवे होते. मी ठरवले, ७९२ तर ७९२. एका मेलेल्या रेडिओतला गँग कंडेन्सर काढून, कॉइल गुंडाळून दुसरे यंत्र बनवले. ते सकाळी ७९२ वर असायचे आणि खोली तापली की दुपारपर्यंत सरकायचे. हात जवळ नेला तरी सरकायचे. शेवटी आकडा टाकून हवी ती वारंवारता देणारा एक छोटा तयार बोर्ड आणला. काड्यापेटीएवढा, पण जागचा हलत नाही. त्याच्यापुढे एक ट्रान्झिस्टर मधे आडोशासाठी आणि एक शेवटच्या टप्प्याला. आवाजासाठी एलएम ३८६ ही कोणत्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारी चिप. तिच्यातून येणारा आवाज ट्रान्सफॉर्मरमधून शेवटच्या ट्रान्झिस्टरच्या विजेवर बसवला. शेवटच्या टप्प्याला १२ व्होल्ट आणि ८ मिलिॲम्पियर. गुणाकार ९६ मिलिवॉट. नियमात बसले. भाता पूर्ण हलायचा तर १२ व्होल्टचा दाब आवाजाबरोबर शून्य ते २४ यांच्या दरम्यान झुलला पाहिजे, आणि त्यासाठी आवाजाची वीज त्या ९६ च्या निम्मी, म्हणजे ५० मिलिवॉटच्या आतच लागते. पुणे केंद्राचा ट्रान्समीटर १०० किलोवॉटचा. माझा त्याच्या दहा लाखाव्या हिश्श्याचा.

आता एरियल. लहर ३७९ मीटरची. तिला नीट फेकायची तर निदान तिच्या पाव लांबीचा, म्हणजे ९५ मीटर उंचीचा मनोरा हवा. मिडियम वेव्ह केंद्रांचे मनोरे एवढे उंच असतात ते म्हणूनच. माझ्याकडे तीन मीटर तार! एवढी आखूड तार वीज घ्यायलाच तयार नसते. तिला राजी करण्यासाठी तिच्या पायथ्याशी मोठी कॉइल लावावी लागते, म्हणजे तार आणि कॉइल मिळून त्या वारंवारतेला सूर जुळवतात. हिशेब केला तेव्हा साडेतीन इंच व्यासाच्या पीव्हीसी पाइपवर एनॅमलच्या तारेचे सुमारे दीडशे वेढे निघाले.

ते वेढे आम्ही दोघांनी घातले. मी तार ताणून धरायचो आणि अण्णा पाइप फिरवत मोठ्याने मोजायचे. एकशेआठला थांबून म्हणाले, ‘‘एक माळ झाली.’’ मग पुढे. मधे माझा हात सुटला आणि चाळीसेक वेढे भसकन उलगडले. अण्णांनी शाळेत पोरांकडे बघत तसे माझ्याकडे बघितले आणि पुन्हा एकपासून सुरुवात केली. मी म्हटले, ‘‘अण्णा, सगळे नाही सुटले, सत्तरपासून धरू.’’ ते म्हणाले, ‘‘मोजायचं तर नीट मोजायचं.’’ दुसऱ्या खेपेला एकशे बावन्न झाले. तेवढ्यावर रेडिओचा हिरवा डोळा मिटला.

तो डोळा मिटणे फार महत्त्वाचे. जुन्या रेडिओत केंद्र बरोबर लागले, की हिरव्या प्रकाशाची फट मिटत जाते. जोरदार लहर आली, की रेडिओ आपण होऊन स्वतःची धाव कमी करतो आणि त्याबरोबर खरखरही खाली जाते. चार्जर, दिवे, सगळ्यांचा गोंगाट एकदम गप्प झाला. माझ्या त्या तारेतून प्रत्यक्षात बाहेर पडत होता दिलेल्या विजेतला हजारात एखादा भाग. बाकी सगळी कॉइलमध्ये आणि अर्थमध्ये उष्णता होऊन जात होती. पण शेजारच्या खोलीतल्या रेडिओला तेवढी पुष्कळ झाली.

एक खोड मात्र राहिली. केंद्र लागले की आवाजामागे ‘हूं’ असा घुमारा यायचा, काटा हलवला की जायचा. असा घुमारा रेडिओचा नसतो. ट्रान्समीटर घरातल्या विजेवर चालवला, की त्याची लहर घरभरच्या वायरिंगमध्ये शिरते आणि तिथून विजेचा गुंजारव अंगावर घेऊन परत येते. अडॅप्टर काढून पेन्सिल सेलच्या आठ बॅटऱ्या लावल्या आणि घुमारा गेला. रोज तीन तास धरले तर त्या पंधरवडाभर पुरत. मोबाइलवरचा आवाजही फार टोकदार वाटायचा, म्हणून पाच किलोहर्ट्झच्या वरचा भाग गाळणारा एक साधा फिल्टर मधे घातला. तेव्हा तो १९६५ सालच्या आमच्या माजघरातल्यासारखा वाटू लागला.

राहिला प्रश्न वेळेचा. पुण्याला सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी बातम्या लागतात, तेव्हा एडिसनला उन्हाळ्यात आदल्या रात्रीचे नऊ पस्तीस झालेले असतात. अण्णांना बातम्या चहाबरोबर हव्यात, झोपताना नव्हे. म्हणून संगणकावर आकाशवाणीचे प्रसारण साठवून साडेनऊ तासांनी ट्रान्समीटरकडे पाठवण्याची सोय केली. सकाळी सहाला रेडिओ लावला, की पुण्याची सकाळ. मंगल प्रभात, भक्तिसंगीत, मग बातम्या.

हे मी अण्णांना सांगितले नाही. सांगितले असते तर काय बिघडले असते, कोण जाणे. मला वाटले, उगीच त्यांचा विरस कशाला. महिनाभर सगळे छान चालले. ते चहा घेत, बातम्या ऐकत आणि घड्याळ रेडिओवर लावून घेत. मग एका संध्याकाळी पुण्याहून ताईचा फोन आला. खडकवासल्यातून पाणी सोडले, भिडे पूल पाण्याखाली गेला, असे ती सांगत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिओवर बातमी आली, की धरणातून पाणी सोडण्याची शक्यता आहे. अण्णांनी कप खाली ठेवला.

‘‘हे कालचं आहे?’’

मी हो म्हटले आणि सगळे सांगितले. मला वाटले होते, ते शिळ्या बातम्यांवर चिडतील. त्याचे त्यांना काहीच नव्हते. वाईला पुण्याचा पेपर दुपारच्या एसटीने यायचा, तेव्हा शिळे वाचायची सवय होतीच, असे म्हणाले. ‘‘पण मला सांगायला हवं होतंस. मी रोज त्याच्यावर घड्याळ लावतो.’’

त्यांनी दोन दिवस रेडिओ लावला नाही. ते दोन दिवस मला फार जड गेले. माझे सगळे हिशेब बरोबर आले होते, मिलिवॉटपासून वेढ्यांपर्यंत. चुकले ते एवढेच, की म्हाताऱ्या माणसाला खेळणे देऊन रमवावे तसे मी त्यांना रमवले होते. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी हाक मारली. संगणकाचे ते कसे चालते ते दाखव, म्हणाले. त्यांनी सगळे वहीत लिहून घेतले. त्या दिवसापासून केंद्र त्यांच्या ताब्यात. बॅटऱ्या कधी बदलल्या याची तारीखही वहीत पडू लागली.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेत घड्याळे एक तास मागे घेतात. मी ती घेतली, पण साडेनऊ तासांचे साडेदहा करायला विसरलो. सोमवारी आमची आकाशवाणी एक तास आधीच सुरू झाली. अण्णांनी रेडिओ ऐकला, भिंतीवरचे घड्याळ पाहिले आणि घड्याळ तासभर पुढे केले. माझी पत्नी त्या घड्याळाकडे बघून कामावर निघाली आणि तासभर आधी ऑफिसात पोचली. वहीत त्या दिवशीची नोंद आहे : ‘चि.ची चूक. दुरुस्त.’

हिवाळ्यात आणखी एक गंमत कळली. युरोप-आशियात १९७८ पासून मिडियम वेव्हवर दोन केंद्रांत ९ किलोहर्ट्झ अंतर ठेवतात, अमेरिकेत १० ठेवतात. म्हणून ७९२ हा आकडा तिथे अस्तित्वातच नाही. तिथे ७९० आहे. तिथल्या नव्या रेडिओंचा आकडा दहा-दहाने उडी मारतो, त्यामुळे आमचे केंद्र नेमके लावणे शेजाऱ्यांना जमलेच नसते. जुन्या काट्याला अशी अट नाही, तो कुठेही थांबतो. पण ७९० आणि ७९२ यांत दोनच किलोहर्ट्झचे अंतर, आणि तेवढा फरक बारीक शिट्टी म्हणून ऐकू येतो. डिसेंबरात सकाळी सातपर्यंत एडिसनला अंधार असतो. रात्री लांबच्या लहरी वातावरणाच्या वरच्या थरावरून परावर्तित होऊन येतात, त्यांच्याबरोबर ७९० वरची दूरदूरची केंद्रे यायची आणि भक्तिगीतामागे ती शिट्टी वाजत राहायची. सूर्य वर आला, की खालचा थर जागा होऊन त्या लहरी गिळून टाकतो. शिट्टी हळूहळू विरायची. अण्णा पडदा न सरकवता सांगायचे, ‘‘उजाडलं.’’

पल्ला किती, असे सगळे विचारतात. मी खिशातला ट्रान्झिस्टर घेऊन गल्लीत फिरलो आहे. समोरच्या घरापर्यंत स्वच्छ, चौथ्या घरापाशी खरखर, सहाव्याला काही नाही. अर्थची तार लांबवून पल्ला वाढवणारे लोक आहेत. पण ती तारही तीन मीटरांत धरायची असते, आणि मला सहाव्या घरी कोणाला काही ऐकवायचेही नव्हते.

आता इथे, आपल्याकडे करून बघण्यासारखी गोष्ट. घरात व्हॉल्व्हचा जुना रेडिओ असेल, तर त्याच्या पाठीमागे बहुधा ग्रामोफोन जोडायची दोन भोके असतील. त्यांत मोबाइलचा आवाज देता येतो, ट्रान्समीटर लागत नाही, परवानाही नाही. पण थेट जोडू नका. ज्या रेडिओत मेन ट्रान्सफॉर्मर नसतो, म्हणजे जे एसी-डीसी दोन्हींवर चालत, त्यांच्या पत्र्यातच विजेचा शॉक असतो. आधी जाणकाराकडून तपासून घ्या आणि मधे ऑडिओचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घालाच.

आणि दुसरी याहून सोपी. तुमचा प्रत्येक मिडियम वेव्ह रेडिओ स्वतःच एक अगदी छोटा ट्रान्समीटर आहे. केंद्र पकडण्यासाठी तो आत स्वतःची एक लहर तयार करतो, लावलेल्या केंद्राच्या साधारण ४५५ किलोहर्ट्झ वर. एक ट्रान्झिस्टर ७९२ च्या जागी ठेवा. दुसरा त्याच्या अगदी जवळ ठेवून १२४७ च्या आसपास हळूहळू फिरवा. एका जागी खरखर अचानक दबेल, किंवा तिथे एखादे केंद्र असेल तर शिट्टी वाजेल. पहिला बंद केलात, की ते थांबेल. मुलांना दाखवा, त्यांना मजा वाटते.

अण्णा २०२२ च्या फेब्रुवारीत गेले. वहीतली शेवटची नोंद जानेवारीची आहे, बॅटऱ्या बदलल्याची. या खेपेला रेडिओ मी परत आणला, त्याच गोधडीतून. तो ताईकडे आहे. ट्रान्समीटर एडिसनलाच ठेवला, इथे तो चालवता येत नाही. कॉइल मात्र सोबत घेऊन आलो. कस्टमच्या माणसाने ती हातात घेऊन हे काय म्हणून विचारले. एकशे बावन्न वेढे आहेत, असे मी त्याला सांगितले.